पाणकावळ्याने खाल्लेला मासा कुणाचा?

तळ्याकाठी पाणकावळे दिसले की मासेमाराचा हिशेब दोन वाक्यांत संपतो. एक पक्षी दिवसाला अर्धा किलो मासा खातो. पक्षी इतके, दिवस इतके, म्हणजे आपले इतके टन गेले. समोरचा पक्षीमित्रही तेवढ्याच घाईत असतो. पक्षी बारीकसारीक मासे खातो, ते तसेही मेलेच असते, असं म्हणून तो मोकळा होतो. दोघांनाही पटेल असं उत्तर द्यायचं तर पक्षी यायच्या आधीपासून माशांची मोजदाद ठेवलेलं तळं हवं. पक्षी वाढत असतानाही ती मोजदाद सुरू असायला हवी, आणि पक्षी हुसकल्यानंतरही. अशी तळी जगात थोडी आहेत. त्यातलं एक अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आहे: ओनायडा. या प्रश्नावर इतका लांबचा आणि इतका बारीक पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहू.

तलाव आणि त्याची वही

ओनायडा सिरॅक्युज शहराच्या ईशान्येला आहे. पसारा २०७ चौरस किलोमीटर. संपूर्ण न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीत येणाऱ्या तलावांत सर्वांत मोठा. आपली उजनी पूर्ण भरली की त्याहून मोठी होते, एवढ्यावरून अंदाज यावा. पण तलाव उथळ आहे. सरासरी खोली सात मीटरच्या आत, सर्वांत खोल जागा सतरा मीटरच्या आसपास. उथळ, सुपीक, वाऱ्याने ढवळला जाणारा तलाव म्हणजे माशांसाठी भरलेलं ताट.

इथले दोन मासे महत्त्वाचे. पहिला वॉलआय: लांबट, खादाड, मोठ्या काचेरी डोळ्यांचा मासा. डोळ्याच्या आत प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे विजेरीच्या उजेडात त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात. गळ टाकून बसणाऱ्या हौशी मासेमारांचा हा जीव की प्राण. दुसरा यलो पर्च, पिवळसर, अंगावर उभे काळे पट्टे असलेला, वॉलआयचाच चुलतभाऊ आणि वॉलआयचंच भक्ष्य. पर्चची पोरं वॉलआय खातो, कमी पडली तर स्वतःचीही खातो. तलावाचं सगळं गणित या दोघांच्या नात्यावर उभं आहे.

दक्षिण काठावर शॅकलटन पॉइंट नावाच्या टोकावर कॉर्नेल विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तिथली माणसं हे मासे मोजत आली आहेत, तेही एकाच पद्धतीने. उन्हाळ्यात दर आठवड्याला पंधरा ठरलेल्या जागांपैकी एकीवर गिलनेट लागतं, म्हणजे माशाचे कल्ले अडकतात असं उभं जाळं. जागा त्याच, जाळ्याच्या भोकांचे आकारही तेच. लहान माशांसाठी होडीमागे तळाशी पिशवीसारखं जाळं, ट्रॉल, ओढतात. उत्तर काठावर कॉन्स्टॅन्शिया गावात राज्याचं मत्स्यबीज केंद्र आहे. वसंतात वॉलआय अंडी घालायला ओढ्यांकडे येतात तेव्हा तिथे नर-माद्या धरतात, अंडी पिळून घेतात आणि दरवर्षी सुमारे पंधरा कोटी मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिलं, तलावात सोडतात. धरलेल्या माशांपैकी काहींचा पर कातरून त्यांना परत पाण्यात सोडायचं आणि पुढे जाळ्यात येणाऱ्या माशांत परकातरे किती निघतात ते पाहायचं. तलावात मोठे वॉलआय किती, याचा अंदाज त्यावरून बांधतात.

काम कंटाळवाणं आहे. चाळीस वर्षं त्याच जागी तेच जाळं लावायला पैसे मिळवणं हे मासे मोजण्यापेक्षाही अवघड, असं या क्षेत्रातला कुणीही सांगेल. पण पाणकावळे आले तेव्हा हीच वही कामाला आली.

पक्षी कुठून आले

दोन तुऱ्यांचा पाणकावळा हा उत्तर अमेरिकेचाच पक्षी. एकेकाळी तो जवळजवळ दिसेनासा झाला होता. डीडीटी हे कीटकनाशक माशांत साठायचं, माशांतून पक्ष्यात जायचं, आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच ती फुटायची. १९७३ च्या सुमारास सगळ्या ग्रेट लेक्सवर, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेकडच्या पाच महासरोवरांवर, मिळून सव्वाशेच्या आसपास जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली, त्याच वर्षी स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली पाणकावळ्याला संरक्षणही मिळालं. (योगायोग असा की आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच.) पुढे काय झालं ते आकडा सांगतो: २००० पर्यंत ग्रेट लेक्सवरच्या जोड्या लाखाच्या वर गेल्या होत्या.

विष गेलं आणि बंदुकाही थांबल्या, पण एवढ्यानेच ही वाढ झाली नाही. हे पक्षी हिवाळा दक्षिणेत काढतात, आणि मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडच्या नदीकाठच्या सपाटीवर त्याच काळात मांगूरवर्गीय कॅटफिशच्या शेतीची तळी मैलोन्मैल पसरली. उथळ पाणी, त्यात दाटीने सोडलेले हाताच्या पंजाएवढे मासे, वर जाळी नाही. हिवाळ्यात जे पक्षी उपाशी मेले असते ते पोट भरून वसंतात उत्तरेकडे परतू लागले. म्हणजे दक्षिणेतल्या मत्स्यशेतकऱ्यांनी नकळत पोसलेले पक्षी उत्तरेतल्या मासेमारांच्या दारात येऊन बसत होते.

ओनायडावर पाणकावळ्यांचं पहिलं घरटं १९८४ मध्ये नोंदलं गेलं. तलावात दोन-तीन चिमुकली खडकाळ बेटं आहेत, त्यांवर वसाहत वाढत गेली आणि २००० पर्यंत घरट्यांची संख्या तीनशे साठच्या वर गेली. याशिवाय शरद ऋतूत उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले थवे हजार-दोन हजारांनी इथे मुक्काम ठोकायचे. घरट्यातल्या पक्ष्यांपेक्षा या पाहुण्यांचं पोट भारी पडतं, हे उशिरा लक्षात आलं.

नव्वदच्या दशकात वॉलआय घसरत गेला आणि त्याच्या मागोमाग पर्चही. गळ टाकणाऱ्यांनी वर पाहिलं तर आकाशात काळे पक्षी होते. त्यांच्या लेखी खटला तिथेच संपला.

दुसरे संशयित

एवढ्यावर निकाल देता येत नव्हता, कारण त्याच दशकात तलावात आणखी बरंच काही बदलत होतं. १९९१ मध्ये झेब्रा शिंपले पोचले. नखाएवढा हा पट्टेरी शिंपला मूळचा काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा. तो पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातो, आणि खडकावर थरावर थर चढवत जातो. दोन-तीन वर्षांत तलावाचं पाणी नितळ झालं. डोळ्यांना छान, पण उजेड टाळणाऱ्या वॉलआयला आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर जगणाऱ्या जिऱ्यांना ते छान असेलच असं नाही. भोवतालच्या गावांनी सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू केल्यामुळे फॉस्फरसही कमी झाला होता, म्हणजे तलावाचं खतच घटलं होतं. आणि हौशी मासेमार स्वतः काही कमी मासे नेत नव्हते.

मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. एकाच वेळी चार संशयित घरात शिरले असतील तर चोरी कुणी केली हे चोरीच्या एकूण रकमेवरून कळत नाही. कोणत्या कपाटातून माल गेला ते पाहावं लागतं.

इथे कपाट म्हणजे माशाचं वय. कॉर्नेलच्या लार्स रुडस्टॅम आणि सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांची वही उघडून प्रत्येक वर्षी जन्मलेल्या पिढीचा माग काढला. पहिल्या शरदात त्यातले किती दिसले, पुढच्या वर्षी किती, तिसऱ्या वर्षी किती, आणि मोठे होऊन जाळ्यात किती आले. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पर्चमध्ये एक ते दोन वर्षांच्या आणि वॉलआयमध्ये एक ते तीन वर्षांच्या माशांची मर नव्वदच्या दशकात आधीच्या तीन दशकांपेक्षा वाढली होती.

यावर जरा थांबू. नितळ पाणी, कमी फॉस्फरस, शिंपले यांचा फटका बसायचा तर तो प्रामुख्याने अंडी, जिरे आणि वाढीचा वेग यांवर दिसायला हवा. अन्न कमी पडलं की आधी बाळं मरतात, उरलेली खुरटतात. पण इथे बाळपण पार करून बोटभर, मग वीतभर झालेले मासे नाहीसे होत होते. दीड-दोन वर्षांचा वॉलआय गळ टाकणाऱ्याला नको असतो, कारण तो कायद्याच्या किमान लांबीत बसत नाही. मोठ्या वॉलआयच्या तोंडातही तो सहज मावत नाही. मग त्याला नेतं कोण? अख्खा मासा गिळणारं आणि वीतभर मासा घशात बसणारं कुणीतरी.

उलटीतले खडे

आता पक्षी खरोखर काय खातो हे पाहायचं होतं. पाणकावळा पाण्याखाली बुडी मारून चोचीच्या आकड्याने मासा धरतो, वर येऊन हवेत उडवून डोक्याकडून गिळतो. दुर्बिणीतून मासा कोणता हे क्वचितच कळतं. पण या पक्ष्याची एक सवय संशोधकांच्या कामी येते. साधारण दिवसातून एकदा तो न पचलेलं सगळं एका बुळबुळीत पिशवीत गुंडाळून ओकतो: काटे, खवले, डोळ्यातली भिंगं. घरट्यांखाली अशा गोळ्या पडलेल्या असतात. ज्यांनी त्या गोळा केल्या आहेत त्यांना बेटावरचा तो वास पुढे कधी विसरता येत नसावा.

गोळी पाण्यात भिजवून चाळणीवर धुतली की पांढरे, तांदळाच्या कणीएवढे खडे हाती लागतात. ते माशाच्या कानातले खडे, ऑटोलिथ. प्रत्येक जातीच्या खड्याचा आकार वेगळा, आणि झाडाच्या बुंध्यासारखी त्यावर वर्षांची वलयं. खड्याच्या लांबीवरून माशाची लांबी काढता येते. म्हणजे एका चिमुकल्या खड्यातून मासा कोणता, केवढा आणि किती वर्षांचा, ही तिन्ही उत्तरं निघतात.

या पद्धतीत खोट आहे, आणि ती संशोधकांनाही ठाऊक होती. लहान माशांचे खडे पोटातल्या आम्लात विरघळून जातात, त्यामुळे गोळीत मोठे मासे जास्त भासतात. घरट्यातली लहान पिलं अशा गोळ्या टाकतच नाहीत. म्हणून १९९५ ते २००० या काळात त्यांनी तीन वाटांनी माहिती घेतली: गोळ्या, पिलांजवळ माणूस गेल्यावर त्यांनी घाबरून ओकलेले अर्धवट मासे, आणि मारलेल्या काही पक्ष्यांची पोटं. तिन्ही मिळून निघालं ते असं: पक्ष्यांच्या खाण्यात वॉलआय आणि पर्च मिळून संख्येने ४० ते ८२ टक्के, वर्षागणिक कमीजास्त. आणि पक्ष्यांनी खाल्लेल्या अर्धवयीन माशांचा आकडा वहीतून गायब झालेल्या अर्धवयीन माशांच्या आकड्याशी जुळत होता.

मोठ्या माशांचं चित्र मात्र वेगळं. पक्ष्यांमुळे होणारी मोठ्या वॉलआयची मर वर्षाला सरासरी १.१ टक्के, मोठ्या पर्चची ७.७ टक्के. कुणी फक्त मोठे मासे मोजून ‘पक्ष्यांचा काहीच त्रास नाही’ असं म्हटलं असतं तर आकडे त्याच्या बाजूने उभे राहिले असते.

टनाचा हिशेब का फसतो

आपलाही एक ढोबळ हिशेब करून पाहू. साडेतीनशेच्या वर घरटी म्हणजे सातशेवीसेक मोठे पक्षी. दिवसाला अर्धा किलो, मुक्काम पाच महिने. चोपन्न टन मासा झाला, पिलं आणि शरदातले पाहुणे सोडून. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. आता तोच आकडा तलावाच्या वीस हजार सातशे हेक्टरांवर पसरा: हेक्टरी अडीच किलोच्या थोडं वर. सुपीक तलावाच्या मानाने चिल्लर. एकाच आकड्याने मासेमारही जिंकतो आणि पक्षीमित्रही, यावरूनच आकडा कुचकामी आहे हे ओळखावं.

खरी गोष्ट पिढीच्या उतरंडीत आहे. तलावात पंधरा कोटी जिरे सोडूनही मोठ्या वॉलआयची संख्या लाखांतच मोजावी लागते. बाकीचे कुठे गेले? पहिल्या काही महिन्यांत गेले; भुकेने, थंडीने, एकमेकांच्या आणि मोठ्यांच्या तोंडी. या वयात मर वाढली तरी पुढे फारसं बिघडत नाही, कारण उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं आणि ते तगतात. पेरणी दाट झाली की विरळणी करावीच लागते. ती पाखरांनी केली काय आणि शेतकऱ्याने केली काय. पक्ष्याने जिरं खाल्लं तर ते तलावाचं नुकसान नव्हे.

दोन वर्षांचा मासा म्हणजे मात्र विरळणीतून वाचलेलं, ओंबी धरलेलं रोप. इथून पुढे तो मरण्याची शक्यता थोडी, मोठा होऊन अंडी घालण्याची भरपूर. तो गेला की त्याची जागा भरायला मागे कुणी नाही. मागची पिढी अजून लहान. म्हणून या वयात पक्ष्याने उचललेला प्रत्येक मासा जवळजवळ जसाच्या तसा मोठ्या माशांच्या संख्येतून वजा होतो. गळवाला म्हणतो ‘माझा मासा खाल्ला’ आणि पक्षीमित्र म्हणतो ‘छे, तो लहान होता’. खरं तर तो गळवाल्याचाच मासा होता, दोन वर्षांनंतरचा.

आणि हे ओनायडावरच का घडलं, यालाही कारण आहे. पक्षी वॉलआय आवडतो म्हणून खात नाही. मध्यम आकाराचा, सहज सापडेल तो मासा खातो. गिझर्ड शॅड नावाचा चंदेरी, हेरिंगच्या कुळातला मासा काही वर्षी इथे भरमसाठ येतो. त्या वर्षी शरदातले पाहुणे शॅडवर तुटून पडतात आणि वॉलआय-पर्च वाचतात. पण शॅड हा थंडीत पटापट मरणारा मासा. चांगलं वर्ष कधी येईल याचा भरवसा नाही. नव्वदच्या दशकात पक्ष्यांपुढे दुसरं ताट बहुतेक वेळा रिकामंच होतं.

राखण

उपाय म्हणजे राखणच. आपल्याकडे जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतात, तशी. १९९८ च्या शरदापासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कृषी खात्याच्या वन्यजीव विभागाची माणसं होड्यांतून थव्यांच्या मागे लागली. आवाज करणारे फटाके, पाठलाग, आणि थवा निर्ढावला की एखाद-दुसरा पक्षी गोळीने मारून बाकीच्यांना धाक. २००४ पासून हीच मोहीम वसंतापासून शरदापर्यंत चालू लागली. घरट्यांवरही काम झालं. घरटं मोडलं तर मादी पुन्हा अंडी घालते, म्हणून अंड्यांवर मक्याचं तेल फवारतात. तेलाने कवचाची छिद्रं बुजतात, आतला जीव गुदमरतो, मादीला काही कळत नाही. ती ऋतू संपेपर्यंत त्याच अंड्यांवर बसून राहते. वाचताना अंगावर काटा येतो. पण फटाके आणि बंदुकीच्या मानाने ही पद्धत शांत आणि स्वस्त आहे, हेही खरं.

यात एक गुंता होता. त्याच बेटांवर सुरय पक्ष्यांची छोटी वसाहत आहे, आणि सुरय राज्यात धोक्यात आलेला पक्षी. पाणकावळे आणि कुरव जागा बळकावतात म्हणून सुरयांच्या बेटावर आधीच दोऱ्यांचं जाळं ताणलेलं होतं. त्यातून हलका सुरय खाली उतरतो, मोठ्या पक्ष्याला उतरता येत नाही. सुरयाला न बुजवता पाणकावळ्याला बुजवायचं, ही कसरत दरवर्षी करावी लागली.

दरम्यान जवळच, ओन्टारिओ सरोवराच्या पूर्व टोकावर जे घडलं त्याने सगळ्यांना हादरवलं. लिटल गॅलू बेटावर पाणकावळ्यांची हजारो घरटी होती आणि तिथला स्मॉलमाउथ बास नावाचा मासा कमी होत चालला होता. राज्याचं खातं नुसतं अभ्यास करत बसलं आहे, अशी स्थानिकांची भावना झाली. १९९८ च्या जुलैत काहीजण रात्रीचे बेटावर गेले आणि त्यांनी आठशेच्या वर पक्षी गोळ्या घालून मारले. पिलं उपाशी मेली ती वेगळी. माणसं पकडली गेली, गुन्हा कबूल करून शिक्षा झाल्या. बासच्या बाबतीत खात्याचा अभ्यास पुढे मासेमारांच्याच बाजूने गेला. तिथेही अर्धवयीन मासेच जात होते. १९९९ पासून त्या बेटावर अंड्यांना तेल लावणं सुरू झालं. म्हणजे बंदूकवाल्यांची तक्रार खोटी नव्हती. तरीही त्यांनी केलं ते मला समर्थनीय वाटत नाही. एका रात्रीच्या कत्तलीने हजारोंची वसाहत हलत नाही, फक्त दोन्ही बाजूंची तोंडं एकमेकांकडे बघेनाशी होतात.

कायद्याची वाटही सरळ गेली नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने न्यूयॉर्कसह २४ राज्यांना सार्वजनिक मासे वाचवण्यासाठी प्रत्येक वेळी वेगळा परवाना न घेता पाणकावळे आवरायची मुभा दिली. २०१६ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने ती रद्द केली. पर्यायांचा पुरेसा विचार झाला नाही, असा ठपका ठेवला. २०२० च्या शेवटी नव्या स्वरूपाचा परवाना आला. मधली काही वर्षं सगळंच अडून राहिलं.

वॉलआय सावरला, श्रेय कुणाचं?

ओनायडावर पक्षी हुसकू लागल्यावर अर्धवयीन माशांचं तगणं सुधारलं आणि वॉलआय वर आला. पक्षी होते तेव्हा मर वाढली, पक्षी हटवले तेव्हा घटली. दोन्ही दिशांनी पुरावा जुळतो. निसर्गात अशी संधी दुर्मीळ.

तरी मी याला पक्का पुरावा म्हणायला कचरतो, कारण सरकारने त्याच सुमारास गळवाल्यांवरही लगाम घातला होता: दिवसाला तीनच वॉलआय. दोन औषधं एकदम दिली आणि ताप उतरला, तर कोणत्या गोळीने? मिशिगनमध्ये ह्युरॉन सरोवराच्या उत्तरेला ले शेनो बेटांवर हा पेच आणखी उघडा पडला. तिथे २००० च्या सुमारास पर्च कोसळला, २००४ मध्ये पाणकावळे आवरायला घेतले आणि पर्च परतला. पण नेमका त्याच काळात ह्युरॉनमधला एलवाइफ हा उपरा मासा कोसळला होता, आणि एलवाइफ पर्चची जिरी खातो. पर्च कुणामुळे परतला यावर तिथले दोन अभ्यासक गट एकमेकांशी सहमत झाले नाहीत. ओनायडाची बाजू मला जास्त भक्कम वाटते ती वयाच्या पुराव्यामुळे. जिरं वाचलं, का अर्धवयीन मासा वाचला, हे तिथे वेगळं करून पाहता येतं.

मग केंद्र सरकारचा पैसा आटला आणि २००९ नंतर सरकारी मोहीम बंद पडली. राज्याचं खातं आणि तलावावरची हौशी माणसं जमेल तेवढं हुसकत राहिली, पण शरदातले थवे पुन्हा वाढू लागले. आता वॉलआय परत घसरणार, अशी भीती होती.

तसं झालं नाही, आणि त्याचं कारण कुणाच्या योजनेत नव्हतं. २०१३ मध्ये तलावात राउंड गोबी सापडला, पुढच्याच वर्षी तो सगळीकडे पसरला. बोटभर लांबीचा, बेडकासारख्या डोळ्यांचा, तळाशी बसून राहणारा हा मासाही झेब्रा शिंपल्यांच्याच मुलखातला. तो शिंपले खातो. तळाशी सुस्त बसलेला, भरपूर, मध्यम आकाराचा मासा: पाणकावळ्याला दुसरं काय हवं? गोळ्यांतल्या खड्यांत गोबी भरून निघाले. पक्षी तितकेच, भूक तितकीच, पण वॉलआय-पर्चवरचा भार उतरला. वॉलआयनेही गोबी खायला सुरुवात केली. २०२२ मध्ये ओनायडावरची वॉलआयची मर्यादा दिवसाला तीनवरून पाच करण्यात आली.

उपरा शिंपला आला, त्याला खाणारा उपरा मासा आला, आणि त्या माशाने देशी पक्ष्यापासून देशी मासा वाचवला. हे ठरवून कुणी केलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. गोबी हा उपकारकर्ता नाही. तो इतर माशांची अंडी फस्त करतो, आणि त्याची संख्या कधीही आपटू शकते. आपटली की त्या शरदात पक्षी पुन्हा पर्चकडे वळतील.

उजनीकाठी

भिगवण, कुंभारगावच्या काठावर उभं राहिलं की हे सगळं वेगळ्या रंगात दिसतं. तिथल्या भोई कुटुंबांना पक्ष्यांनी दुसरा धंदा दिला आहे. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि मासेमारीच्याच होड्या पर्यटकांना घेऊन निघतात. रोहित मासे खात नाही, तो चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळतो. वाळक्या झाडांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे मात्र मासेच खातात, आणि त्यांचे फोटो फारसे कुणी काढत नाही.

शेततळ्याचा प्रश्न वेगळा काढायला हवा. तिथे बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली माशांची पिलं, पैसे मोजून आणलेली असते, तळं लहान असतं, आणि पाणकावळ्यांचा एक थवा चार सकाळींत हिशेब चुकता करतो. मिसिसिपीच्या कॅटफिशवाल्यांचं तेच झालं होतं. तिथे वर जाळी किंवा निदान आडव्या दोऱ्या ताणणं, आणि बोटुकली जरा मोठी करून सोडणं, हा रोखठोक व्यवहार आहे; त्याला चाळीस वर्षांची वही लागत नाही.

पण उजनीसारख्या मोठ्या जलाशयात पाणकावळ्याला दोष द्यायचा की सोडून द्यायचं, हे तो किती खातो यावरून ठरणार नाही. तिथल्या जाळ्यांत आज चिलापीच (तिलापिया) जास्त येते, आणि चिलापी ही तिथली गोबीच म्हणायची: उपरी, भरपूर, सहज सापडणारी. पक्षी चिलापी खात असेल तर तो भोयांचं नुकसान करत नाही, कदाचित उलटच. सोडलेल्या कटला-रोहूच्या बोटुकल्या खात असेल तर करतो. हे पाहायला झाडांखालच्या गोळ्या धुवाव्या लागतील. एक अडचण आधीच सांगून ठेवतो: चिलापीचा कानखडा ठसठशीत असतो, पण कटला-रोहूच्या कुळातल्या माशांचे खडे फार बारीक, विरघळून जाणारे. त्यांची ओळख घशातल्या दातांवरून पटते. चाळणी बारीक भोकांची घ्यावी.